मुस्तफा घरी अडखळू नये म्हणून: जुन्या पीसीवर आर्केड गेम सुरळीत कसे चालवायचे

ठाणे स्टेशनजवळच्या एका गल्लीत व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. चार मशीन, एक टेबल फॅन, आणि गल्ल्यावर बसलेले काका एका रुपयाला एक कॉइन द्यायचे. शाळा सुटली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून आम्ही ‘मुस्तफा’च्या मशीनला चिकटायचो. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, कॅपकॉमने १९९३ साली काढलेला. पण आपल्याकडे तो त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफाच्याच नावाने ओळखला गेला.

कोपरखैरण्याला राहायला आल्यावर एक जुना ऑफिसचा पीसी घेतला आणि त्यावर पहिला हाच गेम लावला. सुरू झाला. पण पळताना पडदा दर दोन-तीन सेकंदांनी ठेचकाळायचा, मारामारी वाढली की आवाज फाटायचा, आणि उडीचं बटण दाबल्यावर मुस्तफा जरा थांबून उडायचा. हे सगळं नीट व्हायला मला तीन आठवडे लागले आणि मधे एक ग्राफिक्स कार्ड घेऊन झालं, ज्याची त्या कामासाठी गरजच नव्हती. तुमचे तीन आठवडे आणि ते पैसे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. ‘गेम अडकतोय’ हे वाक्य चार वेगळ्या दुखण्यांसाठी वापरलं जातं. एक, पीसीचा वेग खरोखर कमी पडणं. दोन, गेमचा ताल आणि मॉनिटरचा ताल न जुळणं. तीन, आवाज तुटणं. चार, बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत वेळ जाणं. चारही दुखण्यांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर पैसे जातात, गेम तसाच राहतो. म्हणून आधी मोजायचं, मग हात घालायचा.

कमांड आणि सेटिंगची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत, शब्द न तोडता आणि आकडे साधे इंग्रजी ठेवून लिहा.

हाताशी काय काय हवं

- ६४ बिट विंडोज असलेला पीसी किंवा लॅपटॉप, आणि त्यात एसएसडी
- लॅपटॉप असेल तर त्याचा मूळ चार्जर (याची गोष्ट पुढे येते)
- मॉनिटर किंवा टीव्ही, आणि त्याच्या मेनूपर्यंत नेणारा रिमोट
- तारेचे हेडफोन किंवा स्पीकर
- यूएसबी गेमपॅड किंवा आर्केड स्टिक; सुरुवातीला कीबोर्ड चालेल
- स्क्रू ड्रायव्हर, मऊ ब्रश, थर्मल पेस्टची (प्रोसेसरवर लावायच्या उष्णतावाहक लेपाची) छोटी ट्यूब
- ३२ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह
- पीसी सेकंडहँड असेल तर जीएसटी बिल आणि वॉरंटीची तारीख घातलेला कागद

१. कोणते गेम खेळायचे ते आधी ठरवा

आर्केड गेम सगळे सारखे जड नसतात. १९८०च्या पॅकमॅनच्या मशीनमध्ये साधारण ३ मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर होता. मुस्तफा, स्ट्रीट फायटर टू, निओ जिओ मशीनवरचे मेटल स्लग आणि किंग ऑफ फायटर्स ९७ या सगळ्यांच्या पोटात मोटोरोला ६८००० जातीचा १०–१२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. हे सगळं आजचा कुठलाही धड पीसी सहज उचलतो. दहा-बारा वर्षांपूर्वीचा चौथ्या पिढीचा आय५सुद्धा पुरून उरतो.

अडचण सुरू होते ती थ्रीडी गेमपासून. सेगाचा डेटोना यूएसए, किंवा त्यानंतरचे मॉडेल थ्री आणि नाओमी बोर्डांवरचे (बोर्ड म्हणजे मशीनच्या पोटातलं सर्किट) गेम मेममध्ये फार जड जातात. मेम (MAME) हा आर्केडचा जुना आणि नेटका एम्युलेटर, म्हणजे पीसीवर जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम. निकोला साल्मोरिया यांनी १९९७च्या फेब्रुवारीत त्याची पहिली आवृत्ती काढली, २०१६ पासून तो पूर्ण मुक्त-स्रोत आहे. त्याचा हेतूच मुळात जुन्या मशीनची अचूक नोंद ठेवणं हा आहे, त्यामुळे वेगासाठी तो अचूकपणा सोडत नाही. थ्रीडी चित्रसुद्धा तो बहुतेक वेळा प्रोसेसरकडूनच काढून घेतो.

म्हणून असं करा. टूडी गेमांसाठी मेम किंवा फायनलबर्न निओ हा दुसरा एम्युलेटर, जो रेट्रोआर्क या अनेक एम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये मिळतो. मॉडेल थ्रीसाठी सुपरमॉडेल, नाओमीसाठी फ्लायकास्ट हे एम्युलेटर. हे शेवटचे दोन ग्राफिक्स कार्डाचा खरा उपयोग करतात. मी कार्ड घेतलं ते मुस्तफा आणि किंग ऑफ फायटर्ससाठी, आणि त्यांचा वेग कार्ड लावण्यापूर्वी होता तेवढाच नंतरही राहिला.

२. पीसी घेताना

घरात चालू पीसी असेल तर हा भाग सोडून द्या.

ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड पीसी या कामाला उत्तम. ठाण्यात आणि वाशीत असे पीसी विकणारी दुकानं आहेतच, पण चार दुकानं फिरून भाव करायचा असेल तर लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, पूर्वेला उतरायचं. वाशीकडून येणाऱ्यांनी कुर्ल्याला बदलून दादर, तिथून ग्रँट रोड. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

मेम आपलं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर करतो. त्यामुळे दुकानदार ‘आठ कोअर आहेत’ म्हणाला तरी तुम्ही विचारायचं ते एका कोअरचा वेग आणि पिढी. नव्या पिढीचा चार कोअरचा आय३ जुन्या आठ कोअरच्या सर्व्हर प्रोसेसरपेक्षा इथे सरस ठरतो. रॅम ८ जीबी पुरे. जमलं तर चारच्या दोन पट्ट्या घ्या. आतलंच ग्राफिक्स वापरणार असाल तर दोन पट्ट्यांचा फायदा मिळतो.

विंडोजचंही बघून घ्या. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं. जुना पीसी फक्त खेळण्यासाठीच असेल तर बाटोसेरा नावाची लिनक्स यंत्रणा पेनड्राइव्हवर टाका. पीसी पेनड्राइव्हवरून सुरू होतो, मूळ विंडोजला धक्का लागत नाही, आणि पाठीमागे चालणाऱ्या पन्नास गोष्टींची कटकट आपोआप संपते.

३. गेमच्या फायली: कायदा आणि फोल्डर

एम्युलेटर वापरणं कायदेशीर आहे. गेमची फाइल, म्हणजे रॉम, ही मात्र कॉपीराइटखाली येते. ‘हजार गेमची पेनड्राइव्ह’ म्हणून जे विकलं जातं ते बेकायदेशीर तर असतंच, शिवाय त्यातल्या फायली कुठल्या आवृत्तीच्या आहेत हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सेटअप तपासायला मेमच्या अधिकृत साइटवर मालकांच्या परवानगीने मोफत ठेवलेले गेम आहेत: रॉबी रोटो, ग्रिडली, सर्कस, स्टार फायर. मी सगळं आधी यांच्यावर जुळवलं, तुम्हीही तसंच करा. कॅपकॉमचे बरेच जुने गेम स्टीमवर आर्केड स्टेडियम या संचात विकत मिळतात. घरात खरा बोर्ड पडून असेल तर प्रश्नच वेगळा.

नव्या माणसाचा सर्वात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून नीट वाचा.

झिप उघडू नका आणि तिचं नाव बदलू नका. मेम गेमला नावाने नाही, संचाच्या आखूड नावाने ओळखतो. मुस्तफाचं तिथलं नाव ‘डिनो’. तुम्ही त्या झिपला प्रेमाने ‘मुस्तफा’ असं नाव दिलंत की मेमच्या लेखी तो गेम नाहीसा झाला.

काही गेमना सोबतीला दुसरी फाइल लागते. निओ जिओच्या प्रत्येक गेमला निओ जिओच्या बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) झिप हवी. मुस्तफाच्या आवाजासाठी क्यूसाउंड नावाची चिप होती, तिची छोटी झिप वेगळी असते. ती नसली की गेमच सुरू होत नाही आणि आपण उगाच मुख्य फाइलवर संशय घेत बसतो. ‘मेम -व्हेरिफायरॉम्स डिनो’ ही कमांड द्या (कमांडची खिडकी कशी उघडायची ते चौथ्या पायरीत आहे), काय कमी आहे ते ती नावानिशी सांगते.

फोल्डर डेस्कटॉपवर ठेवू नका. बऱ्याच पीसींवर डेस्कटॉप वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याला) जोडलेला असतो. तुम्ही खेळत असताना वनड्राइव्ह फायली वर चढवत बसतो, आणि जागा कमी पडली की काही फायली फक्त ऑनलाइनच ठेवतो. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्येही नको, तिथे सेटिंग लिहायला परवानगी आडवी येते. सरळ डी ड्राइव्हवर ‘मेम’ नावाचा फोल्डर करा.

४. वेग मोजा

मेमच्या फोल्डरमध्ये जा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘सीएमडी’ टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. त्यात लिहा: ‘मेम डिनो -बेंच ९०’.

पडद्यावर काही दिसणार नाही, आवाजही येणार नाही. मेम गेममधली ९० सेकंदं जमेल तितक्या वेगाने पळवतो आणि शेवटी सरासरी वेग टक्क्यांत सांगतो. १०० टक्के म्हणजे खऱ्या मशीनइतका वेग. आकडा जेमतेम १००च्या वर असेल तर समाधान मानू नका. ही सरासरी आहे, गर्दीच्या प्रसंगात वेग खाली येतो. मी २००च्या खालचा गेम ‘काठावरचा’ धरतो. मुस्तफासारखा गेम तर बऱ्या पीसीवर १००च्या कित्येक पट जायला हवा.

आकडा भरपूर आणि तरीही गेम अडखळतोय? मग प्रोसेसर निर्दोष आहे. थेट सहाव्या पायरीवर जा.

आकडा कमी आला तर टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये प्रोसेसरचा चालू वेग बघा. वापराच्या टक्क्यांवर जाऊ नका. चार कोअरच्या पीसीवर मेमने एक कोअर पूर्ण पिळून काढला तरी एकूण वापर २५ टक्क्यांच्या आसपासच दिसतो, आणि माणसाला वाटतं प्रोसेसर तर रिकामा बसलाय. बघायचा तो गिगाहर्ट्झचा आकडा.

आता चार्जरची गोष्ट. माझा भाचा ठाण्याला वर्तकनगरला राहतो. त्याचा फोन आला, “मामा, तुमच्यापेक्षा नवा लॅपटॉप आहे माझा, तरी गेम रडतोय.” गेलो. बेंचचा आकडा माझ्या जुन्या पीसीच्या जेमतेम चौथाई. टास्क मॅनेजरमध्ये वेग ०.७९ गिगाहर्ट्झ, आणि काहीही केलं तरी तो तिथून हलेना. विंडोज नव्याने टाकायची तयारी झाली होती. लॅपटॉप रीस्टार्ट केला तेव्हा काळ्या पडद्यावर क्षणभर एक ओळ आली: चार्जरचा प्रकार ओळखता येत नाही, पुढे जाण्यासाठी कळ दाबा. भाच्याचं बोट सवयीने त्या कळेवर गेलं. मूळ चार्जर तुटल्यावर त्याने स्टेशनबाहेरून साडेपाचशेला दुसरा घेतला होता. काही लॅपटॉप चार्जर ओळखता आला नाही की स्वतःला जपण्यासाठी वेग अगदी तळाला नेऊन ठेवतात. ऑफिसमधल्या मित्राचा मूळ चार्जर आणून लावला आणि आकडा त्याच मिनिटाला चौपट झाला.

दुसरं कारण उष्णता. कोअर टेम्पसारखं मोफत साधन लावून वीस मिनिटं खेळा. तापमान ९५–१०० अंशांच्या घरात गेलं की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, म्हणजे गेम पहिली दहा मिनिटं छान आणि मग रडका. ऑफिसातून निघालेल्या पीसीत फॅनखाली धुळीची गादीच असते, आणि थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. प्लग काढा, ब्रशने धूळ काढा, जुनी पेस्ट पुसून हरभऱ्याच्या दाण्याएवढी नवी लावा. आपल्याकडच्या मे महिन्यात हे काम केल्यावर पडणारा फरक हाताला कळतो.

५. विंडोज आवरा

थोडंच करायचं. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘हाय परफॉर्मन्स’. लॅपटॉप नेहमी प्लगला लावून खेळा. खेळताना ब्राउझर आणि टोरंट बंद. ग्राफिक्सचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या.

‘पीसी बूस्टर’, ‘रॅम क्लीनर’ असली सॉफ्टवेअरं टाकू नका. अँटिव्हायरस बंद करा असाही सल्ला मिळेल, तोही ऐकू नका. गेम सुरू होताना झिप तपासायला जाणारे एक-दोन सेकंद सोडले तर त्याचा जाच होत नाही.

६. पडद्याचा ताल जुळवा

माझं खरं दुखणं हे होतं, आणि मला वाटतं बहुतेकांचं हेच असतं.

आपला मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. आर्केड मशीन मात्र ६०च्या ठोक्यावर चालत नव्हती. प्रत्येक बोर्डाचा ताल वेगळा. मुस्तफा आणि स्ट्रीट फायटर टूचा ५९.६३ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढी चित्रं), निओ जिओचा ५९.१९, पॅकमॅनचा ६०.६१. मॉर्टल कॉम्बॅटचा तर ५४.७.

आता हिशोब करा. ६० वजा ५९.६३ म्हणजे ०.३७. मॉनिटरला सेकंदामागे ०.३७ चित्र कमी पडतं, म्हणजे साधारण दर २.७ सेकंदांनी एक चित्र दोनदा दाखवावं लागतं. मला दर दोन-तीन सेकंदांनी जी ठेच दिसत होती ती हीच. पीसीचा त्यात काडीचा दोष नव्हता. मॉर्टल कॉम्बॅटमध्ये ही तूट सेकंदाला पाचाहून जास्त चित्रांची, म्हणून ६० हर्ट्झवर तो कायम थरथरल्यासारखा वाटतो.

उपाय दोन.

पहिला बिनपैशाचा: गेमलाच मॉनिटरच्या तालावर चालवायचं. मुस्तफा ५९.६३ ऐवजी ६०वर चालला तर ०.६ टक्का जलद होतो, तो फरक कुणाला कळत नाही. हे काम रेट्रोआर्क फार सुंदर करतो. व्हीसिंक (चित्र मॉनिटरच्या तालावरच बदलायचं सेटिंग) चालू ठेवलं की ५ टक्क्यांपर्यंतचा फरक तो स्वतः सांभाळतो आणि आवाजही त्या मापाने किंचित ताणून घेतो, म्हणून आवाज तुटत नाही. ६० हर्ट्झचा साधा मॉनिटर असणाऱ्याला मी डोळे मिटून रेट्रोआर्क आणि त्यात फायनलबर्न निओ असंच सांगतो.

मेममध्ये हेच ‘सिंकरिफ्रेश’ने होतं. आधी ‘मेम -क्रिएटकॉन्फिग’ ही कमांड द्या, फोल्डरमध्ये सेटिंगची फाइल तयार होईल. ती नोटपॅडमध्ये उघडून ‘वेटव्हीसिंक’ आणि ‘सिंकरिफ्रेश’ दोन्हींपुढे १ लिहा. इथे आवाज मात्र गेमच्या मूळ तालावरच राहू पाहतो, त्यामुळे अधूनमधून किरकिर ऐकू येऊ शकते. आणि हे सेटिंग मॉर्टल कॉम्बॅटला लावू नका: ५४.७चं ६० केलं की गेम जवळजवळ १० टक्के जलद पळतो, सगळे ठोसे वेळेआधी येतात.

दुसरा उपाय पैशाचा, पण सगळ्या गेमना एकदम लागू पडणारा: फ्रीसिंक किंवा जीसिंक असलेला मॉनिटर. हा मॉनिटर गेम सांगेल त्या तालावर चित्र बदलतो. स्वस्त फ्रीसिंक मॉनिटरचा पल्ला बहुधा ४८ ते ७५ हर्ट्झ असतो, त्यात वरचे सगळे आकडे बसतात. अशा मॉनिटरवर मेममध्ये ‘वेटव्हीसिंक’ आणि ‘सिंकरिफ्रेश’ दोन्ही ०, आणि ‘लोलेटन्सी’ १ ठेवा. मॉनिटरच्या मेनूत आणि ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे फ्रीसिंक चालू करायचं. एकीकडेच केलं तर काही होत नाही.

खरेदीआधी एक खात्री करून घ्या. जुन्या इंटेल ऑफिस पीसीच्या आतल्या ग्राफिक्सला फ्रीसिंकची सोय नाही. रायझनच्या आतल्या ग्राफिक्सला आहे. मी चुकीच्या कारणासाठी घेतलेलं एएमडीचं छोटं कार्ड शेवटी इथे उपयोगी पडलं. पीसीचा डबा बारका असेल तर कार्ड लो-प्रोफाइल पट्टीचंच मागा, नाहीतर ते आत बसत नाही.

फ्रेमस्किप बंद ठेवा, ‘ऑटोफ्रेमस्किप’सुद्धा. वेग भरून काढायला ते चित्रं गाळतं, आणि आपण नेमक्या त्याच चित्रांसाठी धडपडतोय. खेळताना एफ११ दाबलंत की वेग आणि फ्रेमस्किप वर कोपऱ्यात दिसतो. चुकून एफ१० दाबलं गेलं तर गेम सुसाट सुटेल. घाबरू नका, पुन्हा एफ१० दाबा.

७. आवाज

विंडोजच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ४८००० हर्ट्झ आणि मेमच्या ‘सॅम्पलरेट’लाही ४८००० ठेवा. फाटत असेल तर ‘ऑडिओ_लेटन्सी’ एकेक आकड्याने वाढवा. ब्लूटूथ हेडफोन या खेळाला निरुपयोगी आहेत. ठोसा बसल्यावर त्याचा आवाज ऐकू यायला शंभर मिलिसेकंदांहून जास्त वेळ सहज जातो.

८. बोटापासून पडद्यापर्यंत

टीव्ही वापरत असाल तर आधी रिमोट घ्या आणि ‘गेम मोड’ लावा. टीव्ही चित्र गुळगुळीत करायला जी प्रक्रिया करतो तिच्यात वेळ जातो. हे एक बटण माझ्या सासऱ्यांच्या नेरूळच्या घरी जितका फरक पाडून गेलं तितका दुसऱ्या कशानेच पाडला नव्हता.

कीबोर्डवर खेळणाऱ्यांना तीन सापळे. स्वस्त कीबोर्ड एका वेळी ठरावीक कळाच ओळखतो. वर, उजवी आणि लाथ एकदम दाबलं की एक कळ गिळली जाते आणि आपल्याला वाटतं एम्युलेटर हळू आहे. शिफ्ट पाच वेळा दाबली की विंडोज ‘स्टिकी कीज’ची खिडकी मधेच उघडतं, ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. तिसरा सापळा मजबूत आहे. मेममध्ये पहिलं बटण कंट्रोल आणि दुसरं ऑल्ट असतं. मुस्तफामध्ये चहूबाजूंनी घेरलं गेल्यावर आपण दोन्ही एकत्र दाबून चक्री मारतो, आणि दुसऱ्या हाताखाली बाणाची कळ असतेच. कंट्रोल, ऑल्ट आणि बाण ही इंटेलच्या जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये पडदा फिरवायची खूण आहे. अख्खा पडदा उलटा होतो आणि तोवर जीव गेलेला असतो. इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ‘हॉट कीज’ बंद करा, किंवा मेममध्ये टॅब दाबून बटणं बदलून घ्या.

स्टिक बनवायची असेल तर यूएसबीचा ‘झिरो डिले’ म्हणून मिळणारा बोर्ड, एक जॉयस्टिक आणि आठ बटणं पुरतात. सुताराकडून प्लायचा डबा करून घेणार असाल तर बटणं स्क्रूच्या कॉलरची घ्या. खटकन बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठी असतात, जाड प्लायमध्ये ती धरत नाहीत. भोकं पाडण्याआधी बटणाचा व्यास स्वतः मोजा. सांवा या जपानी कंपनीची खेळायची बटणं ३० मिलिमीटर, स्टार्टची २४, तर अमेरिकन धाटणीची २८च्या आसपास असतात. पहिला डबा माझा याच दोन मिलिमीटरांनी वाया गेला.

सगळं करूनही बटण उशिरा लागतंय असं वाटलं तर रेट्रोआर्कमधला ‘रन-अहेड’ वापरा. गेमच्या आतच एक-दोन चित्रांचा उशीर असतो, रन-अहेड पुढची चित्रं आधी काढून तो गिळून टाकतो. किती ठेवायचं ते असं शोधा: गेममध्ये ‘पी’ दाबून थांबवा, उडीचं बटण दाबून धरा, आणि ‘के’ दाबत एकेक चित्र पुढे सरका. तिसऱ्या चित्राला मुस्तफाचे पाय उचलले गेले तर आकडा २. त्याहून जास्त ठेवलंत तर हालचालींतले मधले तुकडे गायब होतात. प्रोसेसरवरचं काम यात दुप्पट-तिप्पट होतं, म्हणून चौथ्या पायरीतला आकडा इथे पुन्हा आठवा.

९. जुन्या पडद्याचा भास

हे सर्वात शेवटी करा, आधी नाही. मुस्तफाचं चित्र मुळात ३८४ गुणिले २२४ ठिपक्यांचं. आजच्या मॉनिटरवर ते कोरडं, चौकोनी दिसतं. ‘सीआरटी-जिऑम’सारखा शेडर (चित्राला जुन्या पडद्याचं रूप देणारा छोटा प्रोग्राम) लावला की ओळी आणि काचेचा बाक परत येतो. हे काम ग्राफिक्सचं आहे. आतल्या जुन्या ग्राफिक्सवर ‘सीआरटी-रॉयल’सारखा जड शेडर लावून गेम अडखळायला लागला तर दोष शेडरचा. हलका निवडा, किंवा रिझोल्यूशन १०८० वर आणा.

१०. जुळलं की तिथेच थांबवा

मेमची नवी आवृत्ती जवळपास दर महिन्याला येते, आणि तिच्यासोबत काही गेमच्या संचांत काय काय असायला हवं हेही बदलतं. काल चालणारा गेम अपडेटनंतर ‘फाइल सापडली नाही’ म्हणतो तो त्यामुळेच. सगळं मनासारखं चालायला लागलं त्याच दिवशी अख्खा फोल्डर, सेटिंगच्या फायलींसकट, त्या ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवा. पेनड्राइव्हवर आवृत्तीचा आकडा आणि तारीख चिकटवा. नवी आवृत्ती बघायचीच असेल तर वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, जुन्याला हात लावू नका. माझ्या पेनड्राइव्हवर भाच्याने मार्करने लिहिलंय: ‘मुस्तफा ओके. मामाला विचारल्याशिवाय डिलीट करू नये.’